तारण

ग्युम्रीत फेब्रुवारीमध्ये काचेच्या आतूनही बर्फ धरतं.
नखाने खरवडून मी नाण्याएवढं भोक पाडतो,
बघतो कोण येतंय.
बहुधा कुणीतरी कोटाखाली काहीतरी लपवून.

एकवीस वर्षं बसलोय या गहाणपेढीत.
अंगठ्या, समोवार, अकॉर्डियन,
एकदा तर दंतवैद्याची अख्खी खुर्ची.
भूकंपाच्या दिवशी बंद पडलेली घड्याळंही येतात,
सगळ्यांत तीच वेळ.
ती कुणी सोडवत नाही, मोडीतही घेत नाही कुणी.

ठेवताना माणसं एकच वाक्य बोलतात:
महिन्याभरात नेतो.
मी मान हलवतो.
मान हलवायचाच पगार आहे मला.

वाहान शिलाईयंत्र घेऊन आला.
चाकाला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला.
ते चाक मी ओळखलं.
स्टेशनामागच्या लोखंडी खोल्यांमध्ये शुशानिक राहते,
माझ्या दोन पँटी तिने याच यंत्रावर आखूड केल्यात.
ओळखलं,
आणि चिठ्ठी फाडली त्याच्या नावाने.
पेढीचे मालक ओन्निक म्हणतात,
आपण वस्तूचं वजन करायचं, माणसाचं नाही.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला, अंगावरचा कोट द्यायला.
शर्टावरच परत गेला.
बाहेर उणे अठरा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी शुशानिक आली.
नोटांना ओव्याचा वास, कुठल्या डब्यातून काढलेल्या कोण जाणे.
मी म्हटलं, मावशी, पोलिसात जा,
चोरीचा माल आहे, फुकट मिळेल.
ती म्हणाली,
मग तो चोर ठरेल.

पुढे बोललीच नाही. नोटा मोजत राहिली.
स्वतःचीच वस्तू,
व्याजासकट विकत घेत राहिली.

यंत्र समोर ठेवलं.
तिने चाक एकदा फिरवलं, लोकर चाचपली,
आणि यंत्र परत माझ्याकडे सरकवलं.
हे आता माझ्या नावावर लिही.
येतील त्या पैशात कोट सोडव.

कोटाचं तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.
वाहानच्या दोन्ही चिठ्ठ्या काढल्या,
शिक्का मारला,
आणि टेबलावरच्या उभ्या खिळ्यात खुपसल्या.
फिटलेलं सगळं आम्ही तिथेच टोचतो.

दर ईस्टरला आमचे पाद्री, तेर झावेन, सांगतात
की आपल्या नावाचा रोखा खिळ्याला लागला,
आता वसुलीला कुणी येणार नाही.
मी मागच्या रांगेत, गरम नळीला पाठ लावून,
अर्धा झोपेत ऐकत आलो.
मला वाटायचं वर कुठेतरी मोठी वही आहे,
देव उदार होऊन तिच्यावर रेघ मारतो.
रेघ मारायला काय लागतं?
शाई.

त्या दिवशी कळलं, रक्कम बुडत नाही.
एका नावावरून उतरते ती
दुसऱ्या नावावर चढते,
आणि चढवून घेणारा
हिवाळ्यात हाताने शिवत बसतो.

तारण.
दिवसातून चाळीसदा हा शब्द लिहितो मी,
रकाना तिसरा.

जाताना तिने कोट अंगावर घेतला नाही.
तिचा स्वतःचा तर कोपरावर विरलेला.
मुलाचा कोट हातावर नीट घडी करून धरला,
आत कुणी झोपलंय तसा.
वाहान कुठे आहे, ठाऊक आहे का?
नाही, म्हणाली. थंडी पडली की सापडतो.

दारात थांबली.
तू चाक ओळखलं होतंस ना?

माझी मान हलली नाही.
पहिल्यांदाच.

तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.
उसवलीय. रविवारी घेऊन ये.
मशीन तर इथे आहे, मी म्हटलं.
हाताने घालते टाके, म्हणाली,
आणि पैसे आणू नकोस.

पाच रविवार गेले.
पँट कागदात गुंडाळून दाराशी ठेवलीय.
तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन आलो,
दोन्ही वेळा खिशात नोटा मोजून.

देणं मला जमतं, पावती घेऊन.
नुसते हात पुढे करणं
एकवीस वर्षांत शिकवलं नाही कुणी.
भोकातून बघतो.
बर्फ पुन्हा धरतंय.